रंग नव्हे, दाते : युद्धकालीन जीपची गिअरपेटी, तिचे ब्रेक आणि ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाचा अर्थ

१/
१९४८ साली काश्मीरच्या आघाडीवर भारतीय सैन्याला जीप गाड्यांची नितांत आवश्यकता होती. लंडनमधील भारतीय उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या कारकिर्दीत दोन हजार जीपांचा करार झाला. या जीपा नव्या नव्हत्या. वापरलेल्या गाड्या दुरुस्त करून पुरवायच्या, असे ठरले होते. प्रत्यक्षात मद्रास बंदरात उतरल्या १५५, आणि त्याही सैन्याने निरुपयोगी ठरवल्या. स्वतंत्र भारतातील पहिला गाजलेला संरक्षण-घोटाळा म्हणून या प्रकरणाची नोंद होते. संसदेत त्यावर वादळ उठले आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केल्याचे जाहीर केले.

२/
राजकीय इतिहास तेथे संपतो. यंत्रांचा इतिहास मात्र एक प्रश्न मागे ठेवतो : ‘दुरुस्त केलेली जीप’ म्हणजे नेमके काय? हा प्रश्न आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे, कारण जुन्या लष्करी जीपा जतन करण्याचा छंद भारतात वाढतो आहे. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरणाऱ्या जुन्या वाहनांच्या मेळाव्यांत ऑलिव्ह रंगाची, बॉनेटवर पांढरा तारा मिरवणारी, मागे जेरीकॅन अडकवलेली जीप हमखास दिसते. तरुण मंडळी तिच्यासमोर छायाचित्रे काढतात. पण त्या रंगाखाली डोकावले तर पुष्कळदा डिझेल इंजिन, दुसऱ्याच गाडीची पाच गतींची गिअरपेटी आणि डिस्क ब्रेक सापडतात. अशा गाडीला ‘१९४३ ची जीप’ म्हणणे ही कालविपर्यासाची एक शिष्टसंमत जात होय.

३/
येथे प्रतिपादन असे आहे : जुन्या लष्करी वाहनाचे ऐतिहासिक मूल्य त्याच्या पत्र्यात आणि रंगात कमी, गिअरपेटीत आणि ब्रेकमध्ये अधिक असते. म्हणून हे दोन भाग बदलून टाकणे आणि दुरुस्त करणे या दोन भिन्न कृती आहेत. एकीने पुरावा नष्ट होतो, दुसरीने तो वाचला जातो. अर्थात ब्रेकच्या बाबतीत या तत्त्वाला एक अपवाद करावाच लागतो. त्याची चर्चा पुढे येईल.

४/
आधी पार्श्वभूमी. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने एका हलक्या, चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी केली. वजनाची मर्यादा सुमारे १,३०० पौंड होती. पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या अमेरिकन बँटम कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या मदतीने ४९ दिवसांत पहिला नमुना तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी तो बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड येथे पोहोचवला. पुढे टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीचे इंजिन सरस ठरले. विलीज ‘एमबी’ आणि फोर्ड ‘जीपीडब्ल्यू’ या जुळ्या गाड्या युद्धकाळात सहा लाखांहून अधिक संख्येने बनल्या. वजनाची मूळ मर्यादा केव्हाच गळून पडली होती; तयार एमबी सुमारे २,४५० पौंडांची, म्हणजे अकराशे किलोंच्या घरातली होती.

५/
या घाईची खूण कोठे दिसते? गिअरपेटीत. एमबीमध्ये वॉर्नर कंपनीची टी-८४ ही तीन गतींची पेटी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रोनायझर आहे. पहिल्याला आणि रिव्हर्सला नाही. पहिला गिअर टाकायचा तर गाडी थांबलेली हवी, किंवा चालकाला डबल क्लच मारता यायला हवा : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग गिअर. ज्याला हे साधत नसे, त्याच्या गाडीच्या पहिल्या गिअरचे दाते टोकाकडून झिजत, टवके उडून बोथट होत. म्हणूनच ऐंशी वर्षांपूर्वीची टी-८४ उघडणे म्हणजे तिच्या चालकांचे हस्ताक्षर वाचणे आहे. अर्धवट शिकलेल्या हातांनी ती कशी हाकली, हे कोणत्याही रोजनिशीपेक्षा त्या दात्यांवर स्पष्ट कोरलेले असते.

६/
या पेटीचा सर्वात कुप्रसिद्ध आजार म्हणजे धावताना गिअर निसटणे. त्याची कारणे एकाहून अधिक असतात. गिअरला जागेवर धरून ठेवणाऱ्या गोळीमागची स्प्रिंग मरगळते. सिंक्रोनायझरच्या बाहीचे आणि गिअरचे परस्परांत अडकणारे दाते झिजून उतरते होतात. काउंटर गिअरच्या दोन्ही टोकांच्या थ्रस्ट वॉशर झिजून तो पुढेमागे सरकू लागतो. किंवा गिअरपेटी आणि इंजिनाची मध्यरेषाच जुळत नाही. सामान्य गॅरेजमध्ये फक्त स्प्रिंग बदलली जाते, कारण ती वरचे झाकण उघडताच हाती लागते. चार दिवस बरे वाटते. मग दांडी पुन्हा न्यूट्रलमध्ये उडी मारते आणि दोष ‘जुन्या मालाला’ दिला जातो.

७/
तेलाची निवड हाही असाच एक दुर्लक्षित विषय. दुकानात ‘नव्वद नंबरचे गिअर ऑईल’ मागितले की बहुधा जीएल-५ प्रतीचे तेल मिळते. ते डिफरन्शियलसाठी उत्तम. परंतु त्यातील गंधक-फॉस्फरसयुक्त मिश्रके पिवळ्या धातूंना मानवत नाहीत, आणि सिंक्रोनायझरच्या रिंगा पितळी असतात. या पेटीत जीएल-४ किंवा त्याहून सौम्य तेल घालणेच शहाणपणाचे. पेटी मुळात लहान, तेलही जेमतेम पाऊण लिटरभर मावते. तेव्हा थोडीशी गळतीदेखील तिला कोरडी पाडते.

८/
गिअरपेटीच्या पाठीला चिकटलेली ट्रान्सफर केस, म्हणजे स्पायसर मॉडेल १८, ही तर या गाडीचा प्राणच. दोन दांड्या : एक पुढची चाके जोडण्यासाठी, दुसरी ‘हाय’ आणि ‘लो’साठी. पुढची चाके जोडल्याशिवाय ‘लो’ लागत नाही, अशी आतच अटकाव-योजना आहे, कारण तेवढा पीळ एकट्या मागच्या ॲक्सलवर पडू नये. युद्धकालीन मॉडेलमध्ये मधल्या गिअरचा शाफ्ट अवघा पाऊण इंच जाडीचा होता. युद्धानंतरच्या नागरी जीपांत तो सव्वा इंचापर्यंत वाढत गेला. कारखान्याने आपली चूक न बोलता मान्य केल्याचा हा पुरावा. पाऊण इंची शाफ्ट असलेली केस उघडल्यावर त्यावर रोलर बेअरिंगांनी पाडलेल्या खाचा बहुधा दिसतातच. शाफ्ट नवा बसवावा, यात दुमत नाही. परंतु त्यासाठी संपूर्ण केस फेकून पुढच्या काळातील केस बसवली, तर १९४१ ते १९४५ मधल्या त्या त्रुटीचा पुरावाच नाहीसा होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यशाइतकीच त्रुटीही मोलाची असते.

९/
आता ब्रेक. चारही चाकांना नऊ इंची ड्रम, हायड्रॉलिक पद्धत, आणि एकच मास्टर सिलिंडर, तोही चालकाच्या पायांखाली, चासीच्या बाजूला. पॅडल दाबले की त्या एका सिलिंडरातून निघालेला दाब एकाच मार्गाने चारही चाकांकडे जातो. याचा सरळ अर्थ असा की एक नळी फुटली, एका चाकाचा रबरी कप उलटला, तरी चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. १९४१ साली यात काही वावगे नव्हते. तेव्हा बहुतेक मोटारी अशाच होत्या. दोन स्वतंत्र मार्गांची सक्ती अमेरिकेत प्रवासी मोटारींना १९६८ पासून झाली.

१०/
हँडब्रेकची कथा याहून विलक्षण. तो चाकांवर नाहीच. ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला, प्रोपेलर शाफ्ट जेथे सुरू होतो तेथे, एक छोटा ड्रम आहे आणि त्याभोवती बाहेरून आवळला जाणारा पट्टा. डॅशबोर्डवरची मूठ ओढली की पट्टा आवळतो. परिणामी दुरुस्तीसाठी मागचा प्रोपेलर शाफ्ट काढला की ओढलेला हँडब्रेक काहीही धरत नाही. मागचे एकच चाक जॅकवर उचलले, तरी डिफरन्शियलमुळे ते अधांतरी चाक मोकळे फिरते आणि जमिनीवरचे दुसरे चाक गाडीसह उतारावरून निघू शकते. गाडीखाली झोपण्यापूर्वी चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावणे हा म्हणूनच पहिला नियम. शिवाय ट्रान्सफर केसचे मागचे ऑईल सील गळू लागले की तेल थेट याच पट्ट्यावर ठिबकते. गिअरपेटीचा आजार ब्रेकला असा जडतो.

११/
हे नाते उलट दिशेनेही आहे, आणि चर्चेचा गाभा येथेच आहे. घाट उतरताना गाडीला आवर घालणारा पहिला ब्रेक म्हणजे खालचा गिअर. ड्रममधले शू हा दुसरा. बोरघाटाचे उदाहरण घेता येईल. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत उतार सुमारे पाचशे मीटरचा. अकराशे किलोंची जीप एवढी उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा मुक्त होते, ती सुमारे सोळा लिटर थंड पाणी उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते. त्यात बसलेली माणसे वेगळीच. इंजिन आणि हवा यांनी त्यातला मोठा वाटा उचलला नाही, तर ती सगळी उष्णता चार लहान ड्रमांत साठते. ड्रम तापून फैलावतो, लायनिंगची पकड मंदावते, पॅडल खोल जाऊ लागते.

१२/
त्यात ब्रेक ऑईल जुने असेल तर संकट दुप्पट. हे द्रव हवेतील ओलावा शोषतात. डॉट-३ प्रतीच्या कोऱ्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. कोकणातल्या दोन पावसाळ्यांनंतर सिलिंडरात काय भरलेले असते याचा अंदाज करता येईल. ऑईल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पॅडल रिकामे जमिनीला टेकते. आणि नेमक्या त्या क्षणी दुसरा गिअर निसटला, तर? ‘गिअर निसटतो, पण हाताने धरून ठेवला की चालते’ असे हसत सांगणाऱ्या मालकांनी हा प्रश्न स्वतःला विचारलेला नसतो.

१३/
दुरुस्तीच्या तपशिलांत खूप काही आहे; त्यातले मोजकेच येथे. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर गंजले की सर्रास फेकले जातात. वास्तविक मूळ ओतीव भाग राखून त्याच्या आत पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची बाही बसवून घेता येते. बाहेरून वस्तू मूळचीच राहते, आतून नव्यापेक्षा टिकाऊ होते. तेल किंवा ग्रीस प्यालेले ब्रेक शू पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवणे हा निव्वळ आत्मवंचनेचा प्रकार. तापल्यावर ते तेल पुन्हा वर येते आणि गाडी एका बाजूला ओढते. लायनिंग बदलावे आणि मुख्य म्हणजे तेल आले कोठून ते सील शोधावे. जुन्या रबरी होजचे आतले अस्तर सुजले की दाब आत जातो पण परत येत नाही, आणि चाक जाम राहते. मिस्त्री मात्र बिचाऱ्या स्प्रिंगांना दोष देत बसतात. ब्रेकमध्ये इंजिन ऑईल कधीही घालू नये. खनिज तेलाने रबरी कप फुगून काही दिवसांत सारी यंत्रणा निकामी होते.

१४/
एक इशारा वेगळा द्यायला हवा. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवणे ही आपल्याकडील गॅरेजांतील सवय फुप्फुसांसाठी घातक आहे. धूळ ओली करून पुसून घ्यावी. आणि डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हे ठाऊक नसल्याने कित्येक मूळ स्टड तुटले आहेत. जोर लावणाऱ्याने आधी अक्षर वाचावे.

१५/
‘मूळ’ कशाला म्हणायचे, या प्रश्नावर दोन टोकांचे पंथ आहेत. पहिला पंथ क्रमांकांचा भक्त : विलीजच्या गाडीत प्रत्येक भाग विलीजचाच हवा, फोर्डच्या गाडीत प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर फोर्डचा ‘एफ’ हवा. हा आग्रह लोभस असला तरी युद्धाच्या वास्तवाशी विसंगत आहे. दोन्ही कारखान्यांचे भाग परस्परांत बसावेत, हीच तर सैन्याची अट होती. अमेरिकन सैन्याने देखभालीच्या पाच पायऱ्या ठरवल्या होत्या. पहिल्या पायरीवर खुद्द चालक : तेल-पाणी पाहणे, नट आवळणे, घाण काढणे. गिअरपेटी उघडण्याचा अधिकार त्याला नव्हता. ते काम मागच्या, सुसज्ज कार्यशाळांचे. तेथे पेटीमागून पेटी उघडली जाई आणि हाती येईल त्या चांगल्या भागांतून पुन्हा जोडली जाई. म्हणजे १९४४ सालीच ‘मिश्र’ असलेल्या जीपा आघाडीवर होत्या. आज त्यांना शुद्ध करणे हा इतिहासात केलेला हस्तक्षेपच ठरतो.

१६/
या व्यवस्थेचा एक गमतीदार अवशेष म्हणजे ‘आर्मी मोटर्स’ हे नियतकालिक. पुढे चित्रकथाकार म्हणून कीर्तिमान झालेले विल आयस्नर सैन्यात असताना त्यासाठी चित्रे काढत. त्यांचा ‘जो डोप’ हा वेंधळा शिपाई गाडीची हेळसांड करी आणि फजिती पावे. कंटाळवाण्या देखभालीची शिकवण हास्यचित्रांतून दिली जात होती, कारण उत्तम गाडी नादान चालकाच्या हाती महिनाभरही टिकत नाही, हे सैन्याने ओळखले होते. टीएम ९-१८०३बी ही दुरुस्तीपुस्तिका गिअरपेटी, ट्रान्सफर केस आणि ब्रेक यांची उकल ज्या संयमाने करते, तो संयम आजच्या अनेक चित्रफितींत आढळत नाही.

१७/
दुसरा पंथ सुधारकांचा. त्यांचे म्हणणे असे की गाडी रस्त्यावर धावायची तर तिला आजची यंत्रणा हवी. या म्हणण्यात व्यवहार आहे, आणि महाराष्ट्रात त्याला परंपराही आहे. १९४५ मध्ये मुंबईत ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून स्थापन झालेल्या कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपांची जोडणी सुरू केली. पुढे सीजे-३बी ही जीप भारतात अनेक दशके बनत राहिली. तिची टी-९० गिअरपेटी टी-८४ हून दणकट, आणि थोड्याफार फेरफाराने युद्धकालीन जीपलाही बसणारी. युद्धानंतर लिलावांतून नागरिकांच्या हाती आलेल्या जीपांना ती बसवली गेली ती हौसेने नव्हे. शेतावर, पाटबंधाऱ्याच्या कामांवर, सरकारी दौऱ्यांवर गाडी चालू राहणे आवश्यक होते म्हणून. पन्नास वर्षे त्या पेटीवर धावलेल्या जीपच्या बाबतीत ती पेटी हाच आता इतिहास झाला आहे. ती काढून परदेशातून टी-८४ मागवण्याचा अट्टहास करू नये.

१८/
परंतु आज, २१ व्या शतकात, सुस्थितीतील किंवा दुरुस्त होण्याजोगी टी-८४ काढून भंगारात घालणे याला ती सबब लागू होत नाही. दात्यांची पेटी दुरुस्त करणे महाग आहे, वेळखाऊ आहे, पण शक्य आहे. ज्याला महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरने जायचे आहे त्याच्यासाठी बाजारात गाड्या आहेत. विलीजची इंजिने ६० अश्वशक्तीची. त्या गाडीचा धर्म वेग नव्हे, चिखल आहे. लेडो रस्त्यावर पांगसौ खिंडीच्या चढणीला ती ज्या दोन दांड्यांच्या भरवशावर चढली, त्या दांड्याच काढल्या तर उरते ती जीपच्या आकाराची मोटार.

१९/
अपवाद ब्रेकचा, आणि तो का, हे स्पष्ट असावे. हट्टाने मूळ ठेवलेली गिअरपेटी मोडली तर बहुधा मालक खोळंबतो. हट्टाने मूळ ठेवलेला एकमार्गी ब्रेक गेला तर रस्ता ओलांडणारे पोर मरते. त्या पोराने ऐतिहासिक शुद्धतेसाठी संमती दिलेली नसते. म्हणून वर्दळीच्या रस्त्यावर, घाटात किंवा मिरवणुकीत नेल्या जाणाऱ्या जीपला दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या नळ्या बसवणे समर्थनीयच नव्हे, तर कर्तव्य आहे. ‘आमची गाडी ऐंशी वर्षे अशीच धावली’ हा युक्तिवाद नळी फुटेपर्यंतच टिकतो. अट एकच : चासी कापू नये, मूळ भोके वाढवू नयेत, ड्रम ठेवावेत आणि काढलेला सिलिंडर तारखेची चिठ्ठी बांधून जपावा. नंतरच्या कोणालाही दोन दिवसांत गाडी पूर्ववत करता आली पाहिजे. डिस्क ब्रेकसाठी ॲक्सलची टोके बदलणे या अटीत बसत नाही. आणि वेगासाठी न बनलेल्या गाडीला त्याची गरजही नसते.

२०/
केवळ उभ्या राहणाऱ्या संग्रहालयीन गाडीला हा अपवाद लागू नाही. अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयातील वाहने जागची हलत नाहीत. तेथे आतील प्रत्येक झिजलेला दाता जसाच्या तसा राहण्यातच लाभ आहे.

२१/
राहता राहिली नोंद. पुण्या-मुंबईतील, कोल्हापुरातील जुन्या मिस्त्रींना टी-९० ची पेटी डोळे मिटून जोडता येते. शिम किती जाडीची, कोणत्या वर्षीच्या केसमध्ये कोणते बेअरिंग, हे त्यांच्या बोटांत आहे. कागदावर कोठेही नाही. इतिहासाची आवड असलेल्या तरुणाने किल्ल्याच्या बुरुजाचे मोजमाप घ्यावे तसे या कामाचे घ्यावे : पेटी उघडण्याआधीची छायाचित्रे, प्रत्येक शाफ्टचा मायक्रोमीटरने घेतलेला व्यास, गिअरांवरचे ओतकामाचे शिक्के, तळाशी साठलेल्या गाळातील पितळेचे कण. पितळ दिसले तर रिंगा झिजल्या, पोलादाचे कपचे दिसले तर दाते. आणि ‘एफ’ कोरलेला एखादा गंजका बोल्ट त्या गाळातून निघाला, तर तो भंगाराच्या डब्यात जाण्याआधी रॉकेलमध्ये धुऊन बाजूला काढावा, मग गाडी विलीजची का असेना.